थोरली दहावीत, धाकटा पहिलीत: वयात मोठं अंतर असलेल्या भावंडांची भांडणं कशी हाताळायची

दोन-तीन वर्षांचं अंतर असलेली भावंडं एकाच चेंडूवरून भांडतात. आठ-दहा वर्षांचं अंतर असलं की चेंडू धाकट्याचा असतो, कंपासपेटी थोरलीची असते, दोघांच्या शाळा, मित्र, झोपायच्या वेळा सगळं वेगळं असतं, आणि तरीही भांडण होतंच. बघणाऱ्यांना त्याचं नवल वाटतं. "एवढी घोडी झालीस आणि बारक्याबरोबर काय भांडत बसलीस?" हे वाक्य कोल्हापुरात शिवाजी पेठ असो नाहीतर राजारामपुरी, दिवेलागणीला कुठल्या ना कुठल्या खिडकीतून ऐकू येतंच. आमच्याही घरात थोरली दहावीत आणि धाकटा पहिलीत आहे, त्यामुळे पुढचं सगळं ऐकीव नाही.

ही भांडणं बरोबरीची नसतात, म्हणून न्यायनिवाडा करून मिटत नाहीत. थोरल्याला हवी असते हद्द. धाकट्याला हवी असते त्या हद्दीच्या आत कधीतरी रीतसर शिरायची परवानगी. या दोन्ही गोष्टी आई-वडिलांनी भांडण नसताना करून ठेवायच्या असतात. भांडण पेटल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं.

अंतर मोठं कधी म्हणायचं? साधारण पाच-सहा वर्षांच्या पुढे. तेवढ्या अंतराची भावंडं बऱ्याच बाबतीत दोन एकुलत्या एक मुलांसारखी वाढतात, असं मानसशास्त्रात मानलं जातं. धाकटं आलं की थोरल्याचं सिंहासन जातं, ही आल्फ्रेड ॲडलर यांची मांडणी जुनी आहे. पण दोन वर्षांच्या पोराला आपण एकटे असतानाचं घर आठवत नाही. नऊ वर्षांच्या पोरीला सगळं आठवतं: आई-बाबांच्या मधली झोपायची जागा, गाडीवर पुढं उभं राहणं, रविवारचं रंकाळ्यावरचं कणीस. तिला काय गेलं ते नेमकं माहीत असतं. ते ती बोलून दाखवत नाही, कारण बोललं तर "मोठी झालीस ना आता" हे ऐकावं लागतं.

पहिलं काम: आठवडाभर फक्त नोंद ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहा, फोनमध्ये लिहा, कुठंही. प्रत्येक भांडणाच्या तीनच गोष्टी टिपायच्या: वेळ, जागा, आणि कशावरून. कोणी सुरू केलं हे मुद्दाम लिहायचं नाही. ते लिहायला लागलात की वही आरोपपत्र होते.

आठवड्याच्या शेवटी बहुतेक घरांत दिसतं की भांडणं दिवसभर विखुरलेली नसतात, ती दोन-तीन ठिकाणी गोळा झालेली असतात. एक जागा म्हणजे संध्याकाळी साडेसहा ते आठ. धाकटा खेळून दमलेला, थोरली क्लासवरून आलेली, दोघंही भुकेली, आणि आई स्वयंपाकघरात. इथं समजुतीच्या गोष्टी सांगण्यापेक्षा साडेसहाला वाटीभर भडंग नाहीतर शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळी समोर ठेवणं जास्त उपयोगाचं. भूक गेली की निम्मी तक्रार जाते.

दुसरी जागा सकाळची, विशेषतः सुट्टीच्या दिवसाची. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाची १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्याला ९ ते १२ तास आणि किशोरवयात ८ ते १० तास. पण किशोरवयात झोपेचं घड्याळच पुढं सरकतं. रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. धाकटं मात्र सहाला टक्क जागं. ते ताईच्या पांघरुणावर उडी मारतं आणि रविवारची सुरुवात रडारडीनं होते. यावर एक कोल्हापुरी उपाय आहे. वडिलांनी धाकट्याला घेऊन सकाळी मिसळ खायला जायचं. त्याला कटाशिवाय फरसाण, दही आणि पाव द्या, तो खूश. थोरली नऊपर्यंत झोपते, ती खूश. आणि वडिलांना मिसळ मिळते, त्यामुळे हा उपाय टिकतो.

नोंदीत कारणं पाहिलीत तर चारच निघतात: वस्तू, खासगीपणा, आई-वडिलांचं लक्ष, आणि "तिला चालतं मग मला का नाही". प्रत्येकाचा इलाज वेगळा. सगळ्यांवर एकच भाषण चालवलं की कुठलंच बरं होत नाही.

"तू मोठी आहेस ना" हे वाक्य घरातून काढून टाका

चार शब्दांचं हे वाक्य दोघांचंही नुकसान करतं. थोरलीला कळतं की वस्तू माझी असली, फाडली त्यानं असली, तरी माघार मीच घ्यायची. धाकट्याला कळतं की रडण्याचा आवाज वाढवला की निकाल आपल्या बाजूनं लागतो. मग तो कळ काढून पळतो आणि आईच्या मागं जाऊन उभा राहतो. याला लबाडी म्हणू नका. जे चालतं ते तो करतो.

त्याऐवजी काय म्हणायचं, हे आधी ठरवून ठेवावं लागतं, नाहीतर ऐन वेळी जुनंच वाक्य तोंडात येतं. समजा, तिच्या सायन्सच्या जर्नलवर त्यानं स्केचपेननं ट्रॅक्टर काढलाय. ती ओरडतीय, "आई, ह्याला सांग की! उद्या सबमिशन आहे माझं!" अशा वेळी आधी तिच्याकडं वळा: "तुझं जर्नल खराब झालं. राग येणारच." एवढंच, लगेच पुढं "पण" जोडायचा नाही. मग त्याच्याकडं: "हे ताईचं आहे. ताईच्या वहीत आपण चित्र काढत नाही. चल, तुझी वही आण." आणि नंतर दोघांना कामाला लावायचं. पान पुन्हा लिहायचं असेल तर समास त्यानं पट्टी धरून आखून द्यायचे, वाकडे आले तरी चालतील असं ती म्हणाली तर. ती नको म्हणाली तर तिचा मान राखायचा. त्यानं निदान नवा कागद आणून द्यायचा.

जबरदस्तीनं "सॉरी म्हण" म्हणायला लावण्यावर माझा फारसा विश्वास नाही. पाच वर्षांचं पोरगं ते एका श्वासात म्हणून पळून जातं. बिघडवलेलं थोडं तरी दुरुस्त करायला लावलं की त्याच्या डोक्यात जास्त राहतं.

थोरल्याला हद्द आखून द्या

स्वतंत्र खोली असलेली घरं नशीबवान. पेठेतल्या जुन्या घरांत दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, तिथं "तिला प्रायव्हसी द्या" हा सल्ला हवेत विरतो. पण हद्दीला खोली लागत नाही. पुढच्या चार गोष्टी कुठल्याही घरात जमतात.

एक कप्पा, धाकट्याच्या हाताच्या वर. एक पेटी किंवा ड्रॉवर, कुलपासकट, आणि किल्ली तिच्याकडं. आई-बाबांनीही न विचारता तो उघडायचा नाही. आपणच उघडला तर धाकट्याला काय सांगणार? दिवसातला एक ठरलेला वेळ, जेव्हा तिच्या जवळ जायचं नाही. आणि या वेळेची धाकट्याला कळेल अशी खूण. सहा वर्षांच्या मुलाला "सात ते साडेआठ" समजत नाही. टेबलावर लाल रुमाल असेल तर समजतं. आमच्याकडं दाराच्या कडीला जुनी ओढणी बांधली जाते. ओढणी असेपर्यंत आत जायचं नाही. ती सुटली की तो वाऱ्यासारखा आत शिरतो, ते मान्य करायचं. हद्द दिवसभर ठेवली तर ती कोणीच पाळणार नाही.

हद्दीला एक बाजू सुरक्षिततेची आहे, आणि मोठ्या अंतराच्या घरात ती विसरली जाते. थोरल्याच्या वस्तू धाकट्यासाठी बनलेल्या नसतात. कंपासचं टोक, कटर, मण्यांची पाकिटं, खोडरबराचे तुकडे, चुंबकाच्या छोट्या गोळ्या. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर त्याच्या तोंडात मावेल ती प्रत्येक वस्तू घशात अडकू शकते. सगळ्यांत वाईट म्हणजे बटनासारखी चपटी बॅटरी, जी कॅल्क्युलेटरमध्ये, घड्याळात, रिमोटमध्ये, दिव्याच्या खेळण्यात असते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करायला लावायची नाही, वाट बघायची नाही, १०८ ला फोन करा किंवा सरळ सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) नाहीतर जवळचं मोठं रुग्णालय गाठा. हे थोरल्याला नीट समजावून सांगितलं की कुलूप लावणं तिला आपल्यावरचा अविश्वास वाटत नाही, तिच्या हातातली जबाबदारी वाटते.

धाकट्याला आत यायची वाट द्या

नुसती हद्द आखली तर धाकटं पोरगं दारावर धडका मारतं. त्याच्या दृष्टीनं घरातलं सगळ्यांत भारी माणूस म्हणजे ताई किंवा दादा. आई-बाबा काय, रोजचेच. दादाचे मित्र, दादाचा फुटबॉल, दादाचं हेडफोन लावून मान हलवणं, हे सगळं त्याला हवं असतं. तो वस्तू ओढतो ती बहुतेक वेळा वस्तूसाठी नसतेच. तिच्यामुळं दादा वळून बघतो, एवढं त्याला पुरतं. ओरडला तरी बघतो ना.

म्हणून रोज पंधरा-वीस मिनिटं त्याच्या हक्काची हवीत. वेळ ठरलेली, शेवट ठरलेला, आणि खेळ धाकट्यानं निवडलेला. थोरल्याला सांगताना "त्याच्याशी खेळ जरा" असं मोघम सांगू नका. त्याला शेवट नसतो म्हणून पोरं ते टाळतात. "जेवण झाल्यावर एक डाव, मग तू मोकळा" म्हणा. आणि खरंच मोकळा सोडा. धाकटा "आणखी एकच" म्हणून लोळण घेईल, तेव्हा त्याला उचलून न्यायचं काम तुमचं.

अभ्यासाच्या वेळीही काही जमतं. तिच्या टेबलाशेजारी त्याचा पाट, त्यावर त्याची वही आणि तिच्या संपलेल्या पेनांचा डबा. ती लिहिते, तो "लिहितो". दहा मिनिटं टिकेल, कधी पंचवीस. तिला चालत असेल तेवढेच दिवस.

खेळ असा निवडा की अंतर बोचणार नाही

आपल्या खेळांत याची सोय कधीपासूनच आहे: कच्चं लिंबू. लहान पोराला डावात घ्यायचं, पळू द्यायचं, पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. गल्लीत पिढ्यान् पिढ्या हे चालत आलंय आणि मोठ्या अंतराच्या भावंडांसाठी याहून चांगलं काही नाही. मात्र कच्चं लिंबू कायमचं ठेवायचं नसतं. पाचव्या-सहाव्या वर्षी पोराला स्वतःलाच ते लागायला लागतं: "मी कच्चं लिंबू न्हाई, माझ्यावर पण राज्य घ्या." तो दिवस आला की त्याला पक्कं करा आणि हरल्यावर रडू द्या.

घरात खेळायचं तर नशिबावर चालणारे खेळ काढा. सापशिडीत आणि भिकार-सावकारमध्ये पंधरा वर्षांचीला सहा वर्षांच्याकडून खरोखर हरावं लागतं, मुद्दाम हरायचं नाटक करावं लागत नाही. ते नाटक पोरं ओळखतात आणि चिडतात. कॅरममध्ये थोरल्यानं डाव्या हातानं खेळायचं. फुटबॉलमध्ये थोरल्यानं फक्त डावा पाय वापरायचा आणि धाकट्याचा गोल दुप्पट रुंद. अट खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवायची, मधेच बदलली की रडीचा डाव.

जे खेळ थोरल्याचे आहेत ते त्याचेच राहू द्या. तो मित्रांबरोबर तालमीच्या मैदानावर जातो तेव्हा शेपूट म्हणून बारक्याला रोज पाठवू नका. आठवड्यातून एखादा दिवस ठरवा, तोही थोरल्याला विचारून.

पेटलंच तर: इशारा पातळी आणि धोका पातळी

पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी किती फुटांवर आहे हे कोल्हापुरातलं शेंबडं पोरही सांगतं. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ३९ च्या खाली पाणी वाहतं, आपण आपली कामं करतो. घरातल्या भांडणालाही अशाच दोन रेषा आखल्या की आई-बाबांचा निम्मा दम वाचतो.

इशाऱ्याच्या खाली म्हणजे चिडवाचिडवी, "माझं आहे", "आधी मी", तक्रारीचा रडका सूर. इथं जायचं नाही. स्वयंपाकघरातून ओरडून निकालही द्यायचा नाही. धाकटा चहाडी करायला आलाच तर ऐकायचं, "बरं, मग आता तू काय करणार?" एवढं विचारायचं आणि भाजी चिरत राहायचं.

इशारा पातळीवर आवाज चढतो, एकाच्या हातातली वस्तू दुसरा ओढतो, थोरल्याच्या तोंडी घालूनपाडून बोलणं येतं. आता उठून तिथं जायचं, पण बोलायचं थोडं. वस्तू आपल्या हातात घ्यायची. "दोघांचं ऐकते. आधी एक, मग दुसरा." लहानाला आधी बोलू द्या, कारण त्याला थांबणं जमत नाही, आणि थोरल्याला आधीच डोळ्यानं खुणवा की तुझंही पूर्ण ऐकणार आहे. कोणी सुरू केलं हे विचारलंत तर तुम्हाला परवाच्या आणि गेल्या दिवाळीच्या गोष्टी ऐकाव्या लागतील. "आता काय केलं तर दोघांचं चालेल?" हे विचारा. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर हेही विचारू नका. समोरच्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही असू शकतं, हे त्याला अजून उमगतच नाही. त्याला उचला, दुसऱ्या खोलीत न्या, दुसरं काही हातात द्या.

धोका पातळी म्हणजे हात उचलला गेला, चावा घेतला, काहीतरी फेकलं गेलं. इथं चर्चा नाही, स्थलांतर. दोघांना दोन जागी. ज्याला लागलंय त्याच्याकडं आधी बघायचं, मग तो कितीही मोठा असो. दोन ते चार या वयात मारणं-चावणं सगळ्यांत जास्त असतं, पुढं भाषा आली की ते उतरतं; त्यामुळं तीन वर्षांच्या पोराचा चावा हा संस्कारांचा पराभव समजू नका. पण दहा वर्षांच्या भावानं तीन वर्षांच्याला उलट मारणं वेगळं. वजनातला फरक बघा. "त्यानं आधी चावलं" हे खरं असलं तरी हात उचलायचा नाही, मला हाक मारायची, आणि हाक मारलीस की मी येईन, हे दुसरं वाक्य तुम्ही पाळलं तरच पहिलं टिकतं.

निवाडा शांत झाल्यावर, रात्री, एकेकट्याशी. आणि पोरांना मारून मारामारी थांबवायला जाऊ नका. त्यातून दोघांना एकच धडा मिळतो.

खऱ्या पुराच्या दिवसांत, शाळा बंद आणि आठवडाभर सगळे घरात, तेव्हा दोन्ही रेषा लवकर गाठल्या जातात. अशा दिवसांत नियम वाढवण्यापेक्षा पोरांना थोडा वेळ वेगवेगळ्या घरी पाठवा, एकाला काकाकडं, एकाला शेजारी.

कळ काढणं, ज्याचा आवाज येत नाही

धाकटा ओरडतो म्हणून तो दिसतो. थोरल्याचं शस्त्र शब्द असतात. "तुला जोतिबाच्या यात्रेत उचललाय, तुझे खरे आई-बाबा यायचेत न्यायला." चैत्र पौर्णिमेची ती गर्दी ज्या पोरानं वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलीय त्याला हे अगदी शक्य वाटतं. मोठ्यांना हसू येतं, कारण आपल्यालाही लहानपणी कोणीतरी हेच सांगितलेलं असतं. पण पाच-सहा वर्षांपर्यंतचं मूल ऐकलेलं शब्दशः घेतं. ते रात्री उठून विचारतं, किंवा विचारतही नाही.

थोरल्याला बाजूला घेऊन सांगा की तो हे खरं मानतो. बऱ्याच थोरल्यांना हे माहीतच नसतं; त्यांना वाटतं, तोही गंमत समजतोय. धाकट्याच्या जन्माची गोष्ट थोरल्याकडूनच त्याला सांगायला लावा: पाऊस होता, मी आजीकडं होते, बाबांचा फोन आला, तू टोमॅटोसारखा लाल होतास. ही गोष्ट फक्त थोरल्याकडंच असते. धाकट्याला ती शंभर वेळा ऐकायची असते आणि थोरल्याला सांगताना पहिल्यांदाच आपलं अंतर कामाला आल्यासारखं वाटतं.

"तिला चालतं, मग मला का नाही?"

इथं समान वाटणीच्या मागं लागू नका. पंधरा वर्षांची आणि सहा वर्षांचा यांना समान काही देता येत नाही, दिलं तर दोघांवरही अन्याय. पिझ्झाचे तुकडे समान करता येतील. तिथं एकानं कापावं आणि दुसऱ्यानं आधी उचलावं, हा नियम चोख चालतो. पण फोन, झोपायची वेळ, खाऊचे पैसे, एकट्यानं बाहेर जाणं, हे वयावर चालतं.

एका कागदावर वयाचा तक्ता करा. डाव्या बाजूला इयत्ता, समोर काय मिळतं ते: स्वतःची सायकल, केएमटीच्या बसनं एकट्यानं क्लासला जाणं, गणपतीत मंडळाच्या मांडवात रात्री किती वाजेपर्यंत थांबायचं, स्वतःचा फोन. थोरलीला जे ज्या इयत्तेत मिळालं तेच त्याला त्या इयत्तेत. मग "नाही" या उत्तराला "पाचवीत" असा पत्ता मिळतो. एक सावधगिरी: हा तक्ता पाळायचा असतो. धाकटं शेंडेफळ म्हणून त्याला सगळं दोन वर्षं आधी मिळायला लागतं, आई-बाबा तोवर दमलेले असतात, आणि थोरली ते बारकाईनं बघत असते. "मला आठवीपर्यंत नव्हता मिळाला" हा तिचा हिशेब बहुधा बरोबर असतो.

थोरली म्हणजे तिसरी पालक नव्हे

मोठ्या अंतराचा सगळ्यांत मोठा मोह हाच. घरात फुकट, विश्वासू, कायम हजर असलेलं माणूस. विशेषतः मुलगी असेल तर भरवणं, शाळेतून आणणं, अभ्यास घेणं हळूहळू तिच्याकडं सरकतं आणि कोणी ठरवलेलंही नसतं. मग ती त्याच्यावर आईसारखी ओरडायला लागते, आणि तो म्हणतो, "तू काय माझी आई हाईस?" दोघांचंही बरोबर असतं.

काम सांगायचं तर नेमकं सांगा. "मी मंडईत जाऊन येते, पाऊण तास. त्याला लाडू दिलाय. गॅसजवळ आणि बाथरूममध्ये जाऊ द्यायचं नाही. ऐकलं नाही तर फोन कर, मारायचं नाही." म्हणजे किती वेळ, काय करायचं, काय अधिकार आहे आणि काय नाही, सगळं त्यात आलं. परत आल्यावर धाकट्यासमोर तिचा शब्द खाली पाडू नका. आणि अगदी लहान, दोन-तीन वर्षांचं मूल नऊ-दहा वर्षांच्या भावंडावर सोपवून घराबाहेर पडू नका. बादलीभर पाण्यातही तान्ही-रांगती मुलं बुडतात. रंकाळा आणि पंचगंगेचा घाट तर दूरच.

ज्या दिवशी ती नाही म्हणेल त्या दिवशी, शक्य असेल तर, ते ऐका. कधीच नाही म्हणता येत नसेल तर ती मदत राहत नाही.

शिवाय प्रत्येकाला वेगळं बाहेर न्या. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की थोरल्याला शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघाची मॅच, फक्त बाबांबरोबर, बारक्याची शू-पाणी सांभाळायची नाही. धाकट्याला वेगळ्या दिवशी टाऊन हॉलच्या बागेत. दोघांना कायम एकत्रच न्यायचं, हा आग्रह आई-बाबांच्या फोटोंसाठी असतो.

आजी-आजोबा

"बारकं हाय ते, दे त्याला." हे आजीच्या तोंडून येणारच. पोरांसमोर आजीला खोडू नका. नंतर बोला, आणि तक्रार म्हणून न सांगता काम म्हणून सांगा: "अहो आई, थोरलीला संध्याकाळी तुमच्याजवळ बसून चहा घ्यायला आवडतं, तेव्हा धाकट्याला मी बघते." आजीला थोरलीचा वेगळा वेळ मिळाला की तिचा कलही थोडा वळतो. नातेवाईक तुलना करतात, "ही काळी-सावळी, तो कसा गोरा", "ही हुशार, तो दंगेखोर". तिथं मात्र जागच्या जागी विषय तोडा.

दहावी-बारावीचं वर्ष

फेब्रुवारी-मार्चमधल्या बोर्डाच्या परीक्षेसाठी सगळं घर जूनपासून कुजबुजत बोलायला लागतं आणि धाकट्याला दिवसभर "शूऽऽ" ऐकावं लागतं. त्याला ताईची परीक्षा म्हणजे आपल्यावरची शिक्षा वाटते. वर्षभर शांतता मागू नका, दिवसातले ठरलेले तास मागा. घर लहान असेल तर तिच्यासाठी अभ्यासिका बघा किंवा वाचनालय. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्याच गावात आहे. परीक्षेच्या दिवसांत धाकट्यालाही एक काम द्या, पाण्याची बाटली भरून देणं, दारात दही-साखर घेऊन उभं राहणं. पेपर संपले की पहिली सुट्टी त्याची.

भांडणाच्या पलीकडचं

काही गोष्टी या लेखात बसत नाहीत, त्या ओळखता आल्या पाहिजेत. एकच बाजू कायम मार खाते. अंगावर खुणा दिसतात आणि कारण सांगितलं जात नाही. धाकटं मूल थोरल्याबरोबर एकटं राहायला घाबरतं, किंवा कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. थोरलं मूल गप्प, चिडकं, जेवणाखाणातून आणि मित्रांतून उठलेलं दिसतं. आणि वयात मोठं अंतर असताना "कोणाला सांगायचं नाही" अशा अटीवर केलेला कुठलाही स्पर्श. ते भांडण नसतं आणि घरातल्या घरात झाकायचंही नसतं. लहानाचं ऐका, त्याला दोष देऊ नका, दोघांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत मागा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. सीपीआरच्या मानसोपचार विभागातही दाखवता येतं. तिथं गेलं म्हणजे पोरगं वेडं ठरत नाही.

थोरलं बाहेरगावी गेल्यावर

मोठ्या अंतराच्या घरात हे लवकर येतं. बारावी झाली, पुण्याला होस्टेल मिळालं, आणि धाकटा अजून चौथीतसुद्धा नाही. पहिल्या आठवड्यात घर शांत वाटतं. मग धाकटा विनाकारण आईशी भांडायला लागतो. त्याला फोनवर "बोल दादाशी" म्हणून नुसता उभा करू नका; लहान पोरं फोनवर "हां, हां" करून पळतात. त्याला काहीतरी दाखवायला सांगा: पडलेला दात, मॅचचा स्कोअर, दादाची सायकल कुठवर चालवता येते ते.

दिवाळीला दादा आला की पहिले दोन दिवस लाडाचे आणि तिसऱ्या दिवशी जोरदार भांडण, हे गृहीत धरा. मधल्या महिन्यांत धाकट्यानं पलंग, कप्पा आणि रिमोट तिन्ही काबीज केलेले असतात. दादा यायच्या आदल्या दिवशी कोण कुठं झोपणार हे ठरवून टाका. आणि त्याचा कुलपाचा ड्रॉवर तो नसताना रिकामा करू नका. जागा हवीच असेल तर आधी त्याला फोन करून विचारा, आणि तो नको म्हणाला तर धाकट्यासाठी दुसरा कप्पा बघा.